दिवा लागतो, चित्र थांबते

मित्रहो,

टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग उपकरणाला वायफायऐवजी तारेने नेटवर्क पुरवले, म्हणजे अडखळणारे चित्र सुरळीत होईल, अशी आपली अपेक्षा असते आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. मधल्या भिंती किंवा शेजाऱ्यांचे राउटर यांचा अडथळा तारेला होत नाही. म्हणूनच तार जोडूनही चित्र थांबू लागले की माणूस गोंधळतो. मग उपकरण रीसेट केले जाते, राउटर बदलला जातो, इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवली जाते. तारेवर मात्र कोणाचा संशय जात नाही, कारण पोर्टजवळचा हिरवा दिवा लागलेला असतो. आज मला मुख्यतः या दिव्याविषयी बोलायचे आहे.

तो दिवा एवढेच सांगतो, की तारेच्या दोन टोकांवरील उपकरणांना एकमेकांची चाहूल लागली आहे आणि कोणत्या वेगाने बोलायचे हे त्यांनी आपसांत ठरवले आहे. उपकरणाला नेटवर्कमधला त्याचा पत्ता (आयपी पत्ता) मिळाला का, त्या पत्त्यावरून घराबाहेर जाता येते का आणि येणारी माहिती वाटेत गळत तर नाही ना, हे प्रश्न दिव्याच्या पलीकडचे आहेत आणि ते याच क्रमाने विचारावे लागतात.

दिवाच लागत नसेल तर काम त्या मानाने सोपे असते. चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी तार लावून पाहावी, नंतर राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कशात होता हे नक्की कळते. टीव्हीच्या मागे लावायच्या छोट्या स्टिकला तारेसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. अशा वेळी स्टिकला वीज कुठून मिळते तेही पाहावे. टीव्हीच्या साध्या यूएसबी 2.0 पोर्टकडून नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअरच मिळतात, आणि स्टिक व अडॅप्टर या दोघांना ते अनेकदा पुरत नाहीत. सोबत आलेला चार्जर भिंतीतल्या प्लगला लावल्यावर कित्येक ‘बिघडलेले’ अडॅप्टर चालू झालेले मी पाहिले आहेत.

दिवा लागत असेल तर उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आयपी पत्ता वाचावा. घरगुती राउटरने दिलेला पत्ता बहुधा 192.168 ने सुरू होतो. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर उपकरणाने पत्ता मागितला, कोणाकडूनही उत्तर आले नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला, असा त्याचा अर्थ होतो. अशा पत्त्यावरून इंटरनेटवर जाता येत नाही. पोर्ट कमी पडतात म्हणून जुना राउटर मध्ये जोडणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि तिथे आणखी एक पेच उद्भवतो. येणारी तार जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचे इंटरनेट घेण्याच्या पोर्टमध्ये खुपसली, तर त्याच्यामागे एक वेगळेच नेटवर्क तयार होते. चित्रपट व्यवस्थित चालतो, पण मुख्य राउटरच्या वायफायवर असलेल्या फोनला टीव्ही सापडत नाही. ती तार लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या पोर्टमध्ये लावावी आणि जुन्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे. नाहीतर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. स्पीड टेस्टमध्ये वायफायवर 200 आणि तारेवर 94 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) दिसले की लोक तारेला दोष देतात. वास्तविक अनेक टीव्हींचे आणि अडॅप्टरचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असते, आणि त्यातून हाती सुमारे 94 पडतात. नेटफ्लिक्स 4के चित्रासाठी 15 एमबीपीएसचा वेग सुचवते. तेव्हा 94 हा आकडा दोष दाखवत नाही. जोडणी निरोगी असल्याचेच ते लक्षण आहे.

आता ज्या प्रकरणाने मला या विषयाकडे नीट पाहायला लावले, ते सांगतो. सांगलीला माझ्या आत्याच्या घरी राउटर तळमजल्यावर आणि टीव्ही वरच्या मजल्यावर होता. मधली तीसेक मीटरची तार बांधकामाच्या वेळीच भिंतीतल्या पाइपातून ओढलेली होती. दिवा लागत होता, पत्ता बरोबर होता, मेनू झटपट उघडत होता. चित्रपट मात्र दर थोड्या मिनिटांनी थांबून गोल चक्र फिरू लागे. वायरमनने टेस्टर लावून आठही दिवे क्रमाने लागल्याचे दाखवले होते. “तार चांगली आहे म्हणतो, मग चित्र का अडतं रे?” असे आत्याने विचारले, तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हते.

मी लॅपटॉप त्याच तारेला जोडला, त्याचा वेग मुद्दाम 100 एमबीपीएसवर बांधला आणि राउटरला पिंग, म्हणजे उत्तर परत येते का हे पाहणारे छोटे चाचणी-संदेश, पाठवू लागलो. 32 बाइटचे छोटे पिंग जवळपास सगळे परत आले. 1,400 बाइटचे पाठवले, तेव्हा शंभरातले पाच-सहा हरवू लागले. संदेश जितका लांब, तितकी त्यातला एखादा बिट बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणजे तार जोडलेली होती, पण गळत होती. राउटरकडचा जॅक उजेडात धरून पाहिला आणि कारण दिसले. रंग ज्या क्रमाने सहज सुचतात त्याच क्रमाने तारा बसवलेल्या होत्या: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी. दुसऱ्या टोकालाही तेच होते, त्यामुळे टेस्टरला काही वावगे आढळले नाही.

यात बिघडले कुठे? अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्ये टेलिफोनसाठी पिळाच्या जोडतारेचे पेटंट घेतले, आणि आपली केबल आजही त्याच तत्त्वावर चालते. जोडीतल्या दोन तारांवरून एकच संकेत परस्परविरुद्ध रूपात जातो, बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि दुसऱ्या टोकाला दोघींतला फरक घेतला की गोंगाट वजा होऊन संकेत उरतो. हे घडण्यासाठी त्या दोन तारा एकमेकींभोवतीच पिळलेल्या असाव्या लागतात. 100 एमबीपीएसची जोडणी जॅकमधल्या आठ पिनांपैकी 1-2 आणि 3-6 या दोन जोड्या वापरते. सहज सुचलेल्या क्रमात 3 वर पांढरी-हिरवी आणि 6 वर निळी येते, म्हणजे दोन वेगळ्या पिळांतल्या तारा एका कामाला जुंपल्या जातात. टीव्हीकडच्या उपकरणाची माहिती घेण्याची जोडी सर्वसाधारणपणे 3-6 हीच असते; चित्रपट नेमका याच वाटेने येत होता. हरवलेले तुकडे पुन्हा मागवले जातात आणि तसे करताना वेग कमी केला जातो, म्हणून चित्र फाटत नाही, ते थांबते. साध्या टेस्टरला हे कळणे शक्यच नाही, कारण तो फक्त एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेशी जोडलेली आहे का एवढेच तपासतो.

दोन्ही टोकांचे जॅक कापून आम्ही नवे बसवले. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. यात हिरव्याच्या दोन तारा निळ्या जोडीच्या अल्याड-पल्याड पडतात, ते विचित्र दिसते, पण त्यामुळेच 3 आणि 6 वर एकाच पिळाच्या तारा येतात. पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू दिला नाही. त्यानंतर 1,400 बाइटचे एक हजार पिंग पाठवले आणि एकही हरवला नाही. उपकरण, राउटर आणि पाइपातली ती तार, तिन्ही आजवर बदलावी लागलेली नाहीत.