काय ठेवलंय त्या डोंगरात?

(आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या महिन्याच्या बैठकीत केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

शनिवारी रात्री सॅक भरताना घरात कुणीतरी दारात येऊन उभं राहतं आणि म्हणतं, काय ठेवलंय रे त्या डोंगरात, परवाच तर जाऊन आलास. हे ऐकलं नाही असा एकही माणूस या खोलीत नसणार. माझ्या घरी आई विचारायची, नंतर सासूबाई, आता मुलगी विचारते. आणि दरवेळी उत्तर देता येत नाही म्हणून आपण चिडतो, कारण खरंच काय सांगणार, राजगडावर पहाटे चारला थंडीत कुडकुडायला जातोय म्हणून सांगणार?

तर अमेरिकेत स्कायडायव्हिंगवाल्यांना, म्हंजे पॅराशूट बांधून विमानातून उड्या मारतात त्यांना, अगदी हाच प्रश्न पिढ्यान् पिढ्या लोक विचारत आलेत. चांगलं धडधाकट विमान चाललंय, त्यातून उडी मारायची कशासाठी? 'व्हॉट फॉर?' आता हे गावरान इंग्लिशमधे भरभर म्हटलं की 'वफो' असं काहीतरी ऐकू येतं, आणि त्या मंडळींनी काय केलं, तो प्रश्नच विचारणाऱ्याचं नाव करून टाकला. जो उडी मारत नाही तो वफो. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणारे सगळे वफो, बायको वफो, ऑफिसातला साहेब वफो. म्हंजे आपल्याकडे 'काय-ठेवलंय-वाले' असं नाव पाडलं तर कसं होईल, तसं.

मला हा शब्द फार आवडतो कारण त्यात शिवी नाहीये, कंटाळा आहे. हजारदा तेच विचारलं गेल्याचा कंटाळा. आणि आज मला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं, की आपला छंद नसलेल्या माणसाला आपण जो शब्द लावतो त्यात त्या माणसाबद्दल फारसं काहीच नसतं, आपल्याला कुठे ठणकतंय तेवढं मात्र नेमकं कळतं.

मी हे बघितलं ते जिओकॅशिंगमधे, म्हंजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसवरून शोधून काढायचा खेळ. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं ओरेगॉनमधे पोर्टलंडजवळ होतो, आणि हा खेळ जन्मला तोच तिथे. 2000 सालच्या 1 मे पर्यंत अमेरिकन सरकार जीपीएसच्या सिग्नलमधे मुद्दाम चूक मिसळायचं, सैन्याला नीट सिग्नल आणि आपल्याला बिघडवलेला, त्यामुळे साध्या यंत्राला शंभर मीटर इकडेतिकडे व्हायचं. ते त्या रात्री बंद केलं. एकदम दहा-वीस मीटरवर अचूकता आली. आणि 3 मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं बीव्हरक्रीकजवळ रस्त्याकडेला झाडीत एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली, आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, सीडी, एक गलोल असल्या वस्तू, आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. नियम एकच, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नाव लिहा. तीन दिवसात ती दोनदा सापडली. आज त्या जागी एक फलक बसवलाय, मी तिथे जाऊन आलेय, बाकी काही नाही, झाडं आणि फलक. पण मला भरून आलं होतं.

तर डबा लपवायचा, आकडे सांगायचे, लोकांनी शोधायचा. डबा म्हंजे कधी सैन्याची जुनी गोळ्यांची पेटी, कधी टिफिनसारखा प्लास्टिकचा, कधी कॅमेऱ्याच्या रोलची ती काळी डबी, आणि कधी तर बोटाच्या पेराएवढा लोहचुंबक लावलेला नॅनो, त्यात कागदाची सुरळी. आणि हे शोधताना आजूबाजूला जी माणसं असतात ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, ते 'मगल'. हॅरी पॉटरमधला शब्द, जादू न येणारी माणसं. पहिलं पुस्तक 1997 चं, जिओकॅशिंग 2000 चं, तेव्हा तो शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, उचलला. नुसता उचलला नाही तर त्याचं क्रियापद केलं. डबा 'मगल झाला' म्हंजे कुणा बाहेरच्याच्या हाती लागला आणि गेला. आणि डब्याच्या माहितीत लिहितात, इथे मगल फार, सांभाळून.

आता बघा यात काय दिसतं. वफोमधे कंटाळा होता, इथे धास्ती आहे. डबा उघड्यावर आहे, त्याला कुलूप नाही, पहारा नाही, फक्त कुणाला ठाऊक नाही एवढंच त्याचं संरक्षण, आणि म्हणून दिसेल तो माणूस डबा नेणारा वाटायला लागतो.

मला स्वतःला ते झालंय. सुपरमार्केटच्या पार्किंगमधे दिव्याचे खांब असतात, त्यांच्या बुडाशी बोल्ट झाकायला एक पत्र्याचं चौकोनी झाकण असतं, झग्यासारखं, त्याला स्कर्टच म्हणतात, ते वर उचलता येतं आणि त्याखाली डबी ठेवायची ही फार जुनी युक्ती. संध्याकाळची वेळ, मी वाकून ते उचललं आणि त्या पत्र्यानं खांबाला घासून असा काही किंचाळल्यासारखा आवाज केला की दहा गाड्यांपलीकडची बाई ट्रॉली सोडून बघायला लागली. मी काय केलं, तर बुटाची लेस बांधायचं नाटक. लेस नसलेले बूट होते. ती बाई जवळ आली आणि म्हणाली, काही हरवलंय का, मदत करू का? आणि माझ्या डोक्यात त्या क्षणाला एकच शब्द, मगल, मगल, हिला घालवायचं कसं. नाही म्हटलं तिला, गाडीत जाऊन बसले, ती जाईपर्यंत वाट बघितली. घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं की मदतीला आलेलं माणूस आणि मी त्याच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होते.

आणि चोर नसलेली माणसं घाबरतात ना, त्याचं काय? 2011 च्या जुलैत इंग्लंडमधे वेदरबी नावाच्या गावात कॅफेमधल्या कुणीतरी एका माणसाला प्लास्टिकचा डबा लपवताना बघितलं, पोलिसांना फोन केला, बाजाररस्ता बंद झाला, आर्मीच्या बॉम्ब पथकानं येऊन तो डबा उडवला. आत जिओकॅश. मला सांगा, ज्यानं फोन केला त्याचं चुकलं का? आपल्या मुंबईत लोकलच्या प्लॅटफॉर्मवर इतकी वर्षं ऐकतोय आपण, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. 1993 बघितलेलं, 2006 बघितलेलं शहर आहे ते. तिथे खांबाला चिकटवलेली डबी बघून कुणी आरडाओरडा केला तर तो मगल नाही हो, तो शहाणा आणि जबाबदार माणूस आहे. म्हणून मी तरी परत आल्यावर मुंबईत, स्टेशनात, पुलाखाली असलं काही ठेवायच्या भानगडीत पडले नाही आणि कुणी पडूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. डब्यावर बाहेरून ठळक लिहायचं की हा खेळातला डबा आहे, ही पद्धत आहे ती चांगलीच आहे, पण गर्दीत वाचायला जवळ कोण जाईल.

हा मगल शब्द पुढे कुठे कुठे गेला बघा, विणकाम करणाऱ्या बायका न विणणाऱ्यांना म्हणतात, आणि कोरियात पॉप गाण्यांच्या ग्रुपचे जे फॅन असतात ते फॅन नसलेल्याला म्हणतात, 'मोगल' असा काहीसा उच्चार करतात. जपानमधे मात्र त्यांचा स्वतःचा एक शब्द आहे आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. 'रिआजू'. ॲनिमे, गेम्स यात बुडालेल्या पोरांनी इंटरनेटवर काढलेला, अर्थ असा की ज्याचं खरंखुरं आयुष्य भरलेलं आहे तो. ज्याला मित्र आहेत, मैत्रीण आहे, सुट्टीत जायला जागा आहे. टोमणा म्हणून वापरतात, पण त्यात किती हेवा आहे बघा, बाहेरच्याला नाव ठेवता ठेवता पोरगं आपलंच रिकामपण सांगून जातं.

याच्या बरोब्बर उलटा 'मंडेन'. सायन्स फिक्शनवाल्या फॅन लोकांचा जुना शब्द, आणि 1966 मधे बर्कलीत सुरू झालेली एक सोसायटी आहे, मध्ययुगातले कपडे घालून तलवारी वगैरे खेळणाऱ्यांची, त्यांच्यातही चालतो. लॅटिनमधला मुंडुस म्हंजे जग, जगातला तो मंडेन. नोकरी मंडेन, घरचं नाव मंडेन, रोजचे कपडे मंडेन. आपल्याला हा शब्द समजवायला लागत नाही कारण आपल्याकडे तो आहेच, प्रापंचिक! फक्त आपल्याकडे प्रापंचिक माणूस दुसरा कुणी नसतो, वारीला निघालेला माणूसही वीस दिवसांनी प्रपंचात परत येतो, पेरणीचं बघतो, म्हशीचं बघतो. तो रस्त्यात भेटलेल्याला प्रापंचिक म्हणून बाजूला काढत नाही, माउली म्हणतो आणि पाया पडतो. पडतोच.

आता आपलं स्वतःचं. आपण काय म्हणतो? हौशे, नवशे, गवशे. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी रांग लागते, 2023 च्या जुलैत लोहगडावर माणसात माणूस अडकला होता त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, आणि आपण लगेच म्हणालो, आले हौशे-नवशे-गवशे, पिकनिकवाले, रीलवाले, चप्पल घालून येतात. अमेरिकेतले गुहांमधे उतरणारे लोक स्वतःला केव्हर म्हणतात आणि हौस म्हणून टॉर्च घेऊन घुसणाऱ्याला स्पेलंकर, आणि त्यांच्या गाड्यांवर स्टिकर असतं, केव्हर लोक स्पेलंकर लोकांना वाचवतात. त्यात गर्व आहे पण थकवाही आहे ना, रात्री दोनला फोन आला की दोर घेऊन निघायचं त्यांनाच. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या पोरांना विचारा, ती किती वेळा असल्या चप्पलवाल्यांना दरीतून वर काढायला उतरलीत. त्यांनी चिडून एखादा शब्द वापरला तर मी समजू शकते. पण आपण नुसते रांगेत उशीर झाला म्हणून वापरतो तेव्हा तो शब्द आपण कमावलेला नसतो.

आणि हा वाक्प्रचार जत्रेचा आहे हे विसरू नका. हौशे म्हंजे हौसेनं आलेले, नवशे म्हंजे नवस फेडायला आलेले, गवशे म्हंजे काय गवसतंय ते बघायला आलेले, मग ते खिसेकापूसुद्धा. जत्रेत चौथं कुणी नसतं. तिघांमिळूनच जत्रा असते. आणि मी तर डबे शोधत फिरणारी, म्हंजे शब्दशः गवशी!

शेवटचं सांगते आणि बसते. आई एका उन्हाळ्यात पोर्टलंडला आली होती, सांगलीकडची, सगळं आयुष्य शेताच्या बांधावर गेलेली. तिला घेऊन एका पार्कात गेले, मनात होतं ती बाकावर बसेल आणि मी पटकन डबा शोधीन. आकडे बरोबर जागा दाखवत होते तरी मला पाऊण तास सापडेना, ओंडक्याखाली बघ, नेच्यांमधे हात घाल, चिखलानं कोपरं भरली. आई बघत होती, मग म्हणाली, "काय शोधतीयास गं वाकून वाकून? काय ठेवलंय तिथं?"

आणि पहिल्यांदा मला उत्तर देता आलं, डबा ठेवलाय म्हणून.

मग ती उठली, पदर खोचला, चप्पल सांभाळत खाली उतरली आणि चारी बाजूला एकदा नुसती नजर फिरवली. एका झाडाच्या बुंध्याशी दगड होते, तिथे बोट केलं. "ते दगड कुणीतरी लावल्यात बघ. पाण्यानं आलेला दगुड असा बसत न्हाई." जिओकॅशिंगवाल्यांच्यात याला खास नाव आहे, अनैसर्गिक दगडांचा ढीग, नवख्याला ते ओळखायला वर्ष जातं. तिनं दोन दगड बाजूला केले, खाली डबा. वहीत नाव लिही म्हटलं तर सगळ्यांची टोपणनावं होती, तिनं सौ. लावून, वडलांचं नाव घालून, आडनावापर्यंत पूर्ण लिहिलं, देवनागरीत, तीन ओळी लागल्या. मग खाली गाव. मग तालुका.

परत गेल्यावर दर फोनला विचारायची, माझं नाव हाय का अजून तिथं? दीड वर्षानं तो डबा गेला, मालकानं लिहिलं होतं, मगल झाला. मी आईला सांगितलं डबा नाहीये आता. कुणी नेला म्हणाली. माझ्या तोंडात तो शब्द आला होता, पण तो तिला लागू होणारा शब्द होता, तो कसा वापरू? म्हटलं, कुणा पोरानं नेला असेल.

"मग नेऊ दे," म्हणाली, "त्येलाबी गावलाच की."