हवेत लटकलेला चंद्र

स्वयंपाकघरातला स्टीलचा डाव उचला आणि त्याच्या खोलगट बाजूत डोकावा. हनुवटी वर, कपाळ खाली. दुर्बिणीचं निम्मं गुपित या डावातच आहे.

हा आहे १५० मिलिमीटर रुंदीचा, हातानं घासलेला आरसा. दोन काचेच्या चकत्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काच घासणारी कठीण पूड. घासत राहिलं की वरची मधोमध खोल होते, खालची फुगते. एवढ्या खटाटोपानंतर खोली किती? सव्वा मिलिमीटरच्याही आत.

आता हा आरसा ट्यूबच्या तळाशी बसवून ती चंद्राकडे वळवू. चंद्राच्या एकेका बिंदूतून निघालेले किरण इथवर पोचेपर्यंत जवळजवळ समांतर झालेले असतात. आरसा त्यांना १२०० मिलिमीटरवर पुन्हा एकेका बिंदूत आणतो. तिथं बटर पेपर धरा. उमटला चंद्र! उलटा, जेमतेम ११ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. कागद काढला तरी तो तिथंच असतो, हवेत. आयपीस म्हणजे त्याच्यावर धरलेलं भिंग, बस्स.

अडचण एकच. हा चंद्र पडतो ट्यूबच्या तोंडाशी, येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत. बघायला डोकं घातलं तर आरशावर आपलीच सावली. न्यूटननं १६६८मध्ये वाटेत एक छोटा सपाट आरसा तिरका बसवला आणि प्रतिमा बाजूला काढली. पुण्याजवळ गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. तिथं समोरचा छोटा आरसा बहिर्वक्र आहे, आणि प्रकाश मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून मागं येतो.

मग वाटेतल्या या छोट्या आरशामुळे चंद्राच्या मध्यभागी काळा ठिपका दिसायला नको का? हा प्रश्न हमखास येतो. करून बघा: अर्ध्या आरशावर पुठ्ठा धरा. चंद्र अख्खाच दिसतो, फक्त मंद. आरशाचा प्रत्येक तुकडा पूर्ण चंद्र काढत असतो.

खरी परीक्षा आकाराची. आरसा नुसता गोलाचा भाग असेल, तर कडेचे किरण थोडे अलीकडेच जुळतात. त्याला अन्वस्त (पॅराबोलाचा) आकार हवा. आपल्या आरशात त्या दोन आकारांमध्ये कडेला फरक पडतो ०.३ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा साधारण दोनशेवा भाग. हबल या अवकाश दुर्बिणीच्या आरशाची कड २.२ मायक्रॉननं जास्त सपाट झाली होती. १९९३च्या दुरुस्तीपर्यंत चित्रं धूसर येत राहिली.

म्हणून पॉलिश संपल्या संपल्या तपासायची घाई नाही. हातांच्या उबेनं काच फुगलेली असते. आरसा स्टँडवर ठेवायचा, चहा घेऊन यायचं. मग दिवे घालवून, बारीक छिद्रातून आरशावर प्रकाश सोडायचा, परतणाऱ्या किरणांत दाढीच्या पात्याची कड हळूच सरकवायची आणि आरशावरच्या सावलीवरून त्याचा आकार वाचायचा.