पान क्रमांक ८४

(पहाट. फोंड्याजवळचं एक घर, सोप्यावर पिवळा दिवा. दुरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा.)

पोदेराचा भोंगा ऐकू आला की मी पेन खाली ठेवते. साडेचारला उठायचं, जेवणाच्या टेबलावर शंभर पानी वही उघडायची आणि पाव दारात येईपर्यंत लिहायचं. दीड तास, फार तर पावणेदोन. मग डबा, सातची कदंब बस, पणजीचं ऑफिस. अकरा वर्षं हेच चाललंय. त्यात दोन कादंबऱ्या झाल्या, तिसरी अर्ध्यावर आहे. तिन्ही तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी.

याच वयासाठी का लिहितेस, असं लोक विचारतात. गोव्यात याच वयात मूल मराठीतून निसटतं, म्हणून. आमच्या सरकारी प्राथमिक शाळा मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या. पाचवीत गेलं की बहुतेकांचं सगळं इंग्रजी होतं. चौथीपर्यंत गोष्टींचा फडशा पाडणाऱ्या पोरीच्या हातात आठवीत मराठीचं एकच पुस्तक उरतं, तेही परीक्षेचं. बालगोष्टी तिला आता पोरकट वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांत तिच्या वयाचं कुणी भेटत नाही. ही मधली चार-पाच वर्षं कोरडी गेली की वाचक परत येत नाही. माझ्या धाकट्या भावाचं तेच झालं.

लिहिताना सगळ्यात मोठा झगडा संवादांशी. घरात आम्ही कोकणी बोलतो, वाचतो मराठी, आणि मुलं आपसात बोलतात ती कोकणीत इंग्रजी कालवून. मग माझ्या पात्रांनी बोलायचं कशात? पहिल्या कादंबरीचा खर्डा मी वाड्यावरच्या तीन मुलांना सोप्यावर बसवून वाचून दाखवला. दुसऱ्याच प्रकरणात नववीतली एक म्हणाली, "ताई, अशें कोण उलयता?" असं कोण बोलतं? तिचं बरोबर होतं. माझी पोरं पुण्याच्या नाटकातल्यासारखी बोलत होती. ते प्रकरण मी सहा वेळा लिहिलं. शेवटी निवेदन मराठीत ठेवलं आणि राग, लाड, शिवी, हाक एवढं कोकणीत येऊ दिलं.

पुढे संपादकांनी 'मानस' या शब्दाखाली लाल रेघ मारून 'माणूस?' असं विचारलं. मी त्यांना खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधातल्या लाकडी दारांचा फोटो पाठवला. भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं, हे त्या मानशीचं काम. शब्द राहिला. हे मुद्दाम सांगते आहे. संपादक विचारतो, लेखक उत्तर देतो, पुस्तक सुधारतं. त्याला मी कधीच सेन्सॉरशिप म्हणणार नाही.

(शाळेचा व्हरांडा. मधली सुट्टी. भिंतीवरचा फलक.)

दुसरी कादंबरी डिचोलीकडच्या एका गावात घडते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांवरचं काम थांबलं, ते वर्ष. अंगणात ताडपत्रीखाली उभा ट्रक, बँकेचे हप्ते, बापाचं पिणं, आणि या सगळ्यात नववीतली एक मुलगी. हप्त्यांना हातभार लावणारा एक नातेवाईक घरी येऊ-जाऊ लागतो. पान ८४ वर तो तिच्या अंगाला हात लावतो.

पाच ओळी आहेत. त्यांना मला तीन महिने लागले. वाचणाऱ्याला चव घेता येईल असा एकही शब्द मला नको होता. आणि इतकं झाकूनही लिहायचं नव्हतं की जिला कळायला हवं तिलाच ते कळू नये. 'त्याने गैरवर्तन केले' असं लिहिलं असतं तर कुणाची तक्रार आली नसती. पण आपल्याशी जे घडतंय ते हेच, असं कुठल्याही मुलीला त्यातून ओळखता आलं नसतं.

पुढची सत्तेचाळीस पानं ती सांगते कशी, याची आहेत. आईला सांगते, आई विषय बदलते. मग टीचरला सांगते. टीचर स्टाफरूमचं दार लोटून घेते, तिच्यासमोर बसते आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकते. मग १०९८ वर, मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर, फोन होतो.

एका शाळेच्या वाचनालयाने या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या. दोन महिने त्या हातोहात फिरल्या. मग एका पालकांचा फोन आला. अर्ज नाही, चिठ्ठी नाही, नुसता फोन. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रती कपाटात आणि किल्ली ऑफिसात. मला कळलं तीन आठवड्यांनी, तेही शाळेतल्याच एका मुलीकडून. मी गेले. तिथल्या बाईंनी चहा मागवला, आपुलकीने बोलल्या. "बंदीबिंदी काही नाही हो, सध्या बाजूला ठेवलंय इतकंच." मी विचारलं, तुम्ही वाचलंत? तेवढं पान वाचलं होतं.

बाहेर आले तर व्हरांड्यात फलक होता. कुणी नकोसा स्पर्श केला तर गप्प राहू नका, १०९८ वर फोन करा. शेजारी एका मुलीचं चित्र. त्या फलकापासून ते कपाट पंधरा पावलांवर आहे, मी चालून पाहिलं. मुलांच्या संरक्षणासाठी गोव्याने स्वतःचा कायदा केला तो २००३ मध्ये, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशाचा पॉक्सो कायदा आला त्याच्या नऊ वर्षं आधी. सरकारला हे ठाऊक आहे, भिंतीवर ते रंगवलेलं आहे, आणि ते गोष्टीत आलं की कपाटाला कुलूप लागतं.

यानंतर जे झालं त्याने माझी झोप गेली. मला ज्या मुलीने कळवलं होतं तिच्या दप्तरात एक घडी घातलेला कागद होता. पान ८४ ची झेरॉक्स. दहावीच्या वर्गात फिरत होती, कडा मऊ पडेपर्यंत. पुस्तक कपाटात गेलं, पण ते पान बाहेरच राहिलं, एकटं. आई, टीचर, फोन, यातलं काही त्याच्यासोबत नव्हतं. मी तीन महिने जे टाळायला झटले होते, तेच त्या पानाचं झालं. मुलं ते बाकाखाली धरून वाचत होती आणि हसत होती.

(जुनं गोवें. सेंट पॉल कॉलेजची उरलेली एकटी कमान. पावसाळी गवत.)

पुस्तकांच्या बाबतीत आमची भूमी विचित्र आहे. १५५६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला तो इथे, सेंट पॉल कॉलेजात. आणि त्याच शतकात इथल्या लोकांच्या पोथ्या जाळल्या गेल्या. केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ मध्ये मराठी ओव्यांत कृष्णचरित्र लिहिलं. ते आज आपल्याला माहीत आहे, कारण जेझुइट पाद्र्यांनी आपल्या अभ्यासासाठी अशा ग्रंथांच्या रोमी लिपीत नकला करून घेतल्या आणि त्या पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात उरल्या. पणजीच्या पाटोवरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. त्याला आज कृष्णदास शामांचंच नाव आहे. तिथे पायऱ्या चढताना दर वेळी ते नाव मी वाचते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात तर छापायचा प्रत्येक मजकूर आधी तपासून घ्यावा लागे. लग्नपत्रिकासुद्धा. नवऱ्या मुलाचं नाव, मुहूर्त, मांडवाचा पत्ता यावरही सरकारी नजर. पण त्या काळाबद्दल एक गोष्ट मला लक्षात घ्यावीशी वाटते. कोण अडवतोय हे तेव्हा माहीत होतं. आज माझं पुस्तक कुणी अडवलं, हे कुठल्याच कागदावर नाही.

(पर्वरी. उच्च न्यायालयाची इमारत.)

म्हणून मी कायदा वाचायला बसले. सरकारला पुस्तक जप्त करायचं असेल तर कारणं देऊन अधिसूचना काढावी लागते आणि तिच्याविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येतं. आमचं खंडपीठ इथेच, पर्वरीला. पण आव्हान द्यायला आधी हुकूम हवा. कपाटाच्या किल्लीला आव्हान कसं देणार?

वाचता वाचता एक मराठी खटला सापडला. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लील ठरली आणि लेखकाला शिक्षा झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या निकालात किशोरवयीन वाचकाचा विचार आहे. प्रेम आणि कामभावना असलेलं साहित्य त्या वयाच्या हाती कितीतरी आहे. नुसत्या उल्लेखाने पुस्तक अश्लील ठरू लागलं, तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच विकता येणार नाही. शामा आणि काकोडकर, दोन्ही नावं आमच्या मातीतली वाटली, म्हणून असेल, तो निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला.

आणि तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन. ते शिक्षक. त्यांच्या एका कादंबरीला गावात विरोध झाला, त्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपल्यातला लेखक मेला. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि लेखकाला पुन्हा लिहायला सांगितलं. पुस्तक आवडलं नाही तर ते बाजूला टाकून द्या, असंही न्यायालय म्हणालं. बाजूला टाकण्याचा हक्क वाचणाऱ्याचा. माझ्या बाबतीत तो एका वाचकाने साऱ्या शाळेच्या वतीने बजावला.

अमेरिकेत किशोरांच्या कादंबऱ्यांवर असे हल्ले फार होतात. तिथल्या ग्रंथालय संघटनेने २०२३ या एका वर्षात ४,२४० पुस्तकांवर आक्षेप आल्याची नोंद केली. आकडा भयंकर आहे. पण निदान नोंद आहे. तिथे बऱ्याच ग्रंथालयांत आक्षेप घेणाऱ्याला फॉर्म भरावा लागतो, आणि त्यावर हमखास एक प्रश्न असतो. तुम्ही संपूर्ण पुस्तक वाचलंत का?

तो प्रश्न मी उचलला. शाळेला लेखी अर्ज दिला. त्यात पुस्तक परत मांडा अशी मागणीसुद्धा केली नाही. तीनच गोष्टी मागितल्या. आक्षेप लेखी घ्या. आक्षेप घेणाऱ्याने आणि निर्णय घेणाऱ्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं. आणि पालक-शिक्षक सभेत मला बोलवा, मी त्यांच्यासमोर ८४ ते १३१ ही पानं मोठ्याने वाचेन. तक्रार करणाऱ्या पालकांचा मला राग नाही. मुलीच्या दप्तरात अचानक ते पान सापडलं तर माझ्याही छातीत धस्स होईल. त्यांनी पुढचं पान उलटावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

खिडकीतल्या क्लार्कने अर्ज उलटसुलट पाहिला, शिक्का मारला आणि माझ्या प्रतीवर निळ्या शाईने आवक क्रमांक टाकला. तो कागद मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलाय. या सगळ्या प्रकरणातला तो पहिला कागद.

(पुन्हा टेबल. वहीवर खोडलेल्या ओळी.)

नुकसान झालं नाही असं म्हणणार नाही. तिसऱ्या कादंबरीत एक मुलगा मित्राला स्वतःबद्दल काही सांगतो. ते वाक्य जवळ आलं की मी पावसाचं वर्णन करायला लागायचे. चार पहाटा पाऊस पडला. पाचव्या दिवशी मी ती पानं उभी आडवी खोडली आणि वाक्य लिहिलं. हात थरथरत होता. पोदेर येऊन गेला तेही कळलं नाही, पाव सोप्यावर तसाच राहिला.

त्याच सोप्यावर आता एक फळी आहे. दीडेकशे पुस्तकं, बाजूला वही, दोऱ्याला बांधलेलं पेन. मुलं नाव लिहितात आणि पुस्तक नेतात. दुसऱ्या कादंबरीच्या माझ्याकडच्या तीन प्रती तिथे ठेवल्यात. शाळेकडून उत्तर आलेलं नाही. महिना झाला की मी स्मरणपत्र देते, त्याचाही आवक क्रमांक घेते. परवा झेरॉक्सवाली मुलगी आली, वाकून बराच वेळ फळी चाळत राहिली आणि पुस्तक घेऊन गेली. वहीत तिचं नाव आहे. परतीचा रकाना अजून कोरा आहे.