घराघरांतून सरकणारा हातचा

नमस्कार श्रोतेहो. चौकटीची वही जवळ असेल तर उघडा.

ट्युरिंग यंत्र, म्हणजे आकडेमोडीचं एक काल्पनिक यंत्र, एका वेळी एकच घर वाचतं, तिथला अंक बदलतं आणि शेजारी सरकतं. एका ओळीच्या सेल्युलर ऑटोमॅटनमध्ये, म्हणजे ठरलेल्या नियमाने बदलणाऱ्या घरांच्या रांगेत, सगळी घरं एकाच टोल्याला बदलतात, आणि प्रत्येक घराला स्वतःपलीकडे फक्त दोन्ही शेजारी दिसतात. पहिलं यंत्र दुसऱ्यात बसवायचं तर सरकणारं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) घराच्या आतच ठेवायचं.

वहीत १०११ लिहा, म्हणजे द्विमानात अकरा. त्यात एक मिळवू. शेवटच्या १ वर टिंब द्या. टिंब म्हणजे हातचा. टिंबाखाली १ असेल तर ० करायचा, टिंब डावीकडे. ० किंवा रिकामं असेल तर १ लिहून टिंबाची फुली करायची: काम संपलं. पहिल्या टोल्याला १०१०, दुसऱ्याला १०००, तिसऱ्याला ११००. बारा!

आता घराच्या नजरेतून बघा. माझ्यावर टिंब आहे? अंक बदलतो. उजवीकडच्या १ वर टिंब आहे? ते माझ्याकडे येणार. नाहीतर आहे तसाच राहतो. चिन्हं ३ (०, १, रिकामं), खुणा ३ (टिंब, फुली, काहीच नाही), म्हणून घराच्या स्थिती ९ आणि नियमांच्या ओळी ७२९ (घर आणि दोन शेजारी: ९×९×९). बहुतेक ओळी ‘जैसे थे’ म्हणणाऱ्याच. पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झालेल्या आल्वी रे स्मिथ यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की चिन्हांमध्ये यंत्राच्या अवस्थांची (आपल्या टिंब-फुलीसारख्या) दुप्पट मिळवली तेवढ्या स्थिती पुरतात. आपल्याकडे ३ + २×२, म्हणजे ७. वेग मात्र वाढत नाही. एक घर राबतं, बाकीची बघत बसतात.

प्रोग्राम लिहिताना हमखास चूक होते ती एकाच ओळीत जागच्या जागी बदल करण्याची. उजवीकडून डावीकडे गेलात तर टिंबाचं घर आधी बदलतं, टिंब सोडून देतं. शेजारी बघतो तोवर तिथे काहीच नसतं. हातचा गायब! डावीकडून निघालात तर उत्तर बरोबर येतं, पण ते नशिबानं. उजवीकडे सरकणारं यंत्र घ्या, तिथे नेमकं उलट होईल. म्हणून दोन ओळी ठेवा: जुनी वाचायची, नवी लिहायची.

दुसरी खोच कडेची. ११११ चारच घरांत लिहून टोकं एकमेकांना जोडलीत, तर हातचा फिरून उजव्या टोकाला येतो आणि सोळाऐवजी ०००१ मिळतं. जितके टोले द्यायचे, तितकी रिकामी घरं डावीकडे सोडा.