पिल्लू, फरशी आणि ड्राय बाल्कनी

मंडळी, लशीसाठी कुत्र्याचं पिल्लू घेऊन येणारी माणसं आधी लशीबद्दल विचारतच नाहीत. "डॉक्टर, हा घरभर शू करतो, काय करायचं?" इथूनच सुरुवात होते. घरी काय काय करून झालंय तेही लगोलग कळतं. शूमध्ये नाक घासून झालं, पेपरची सुरळी करून फटका देऊन झाला, अर्धी बाटली फिनेल ओतून झालं. पिल्लाच्या पायांखाली काय आहे, हे मात्र बहुधा कुणी बघितलेलं नसतं. आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचंय.

जन्मल्यावर पहिले साधारण तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, आणि साफही आईच करते. नीट चालायला लागलं की ते झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन करतं. एवढी अक्कल उपजत असते. आठव्या-नवव्या आठवड्याच्या आसपास मग कशावर करायचं ते ठरत जातं. माती, गवत, कापड, जे पायांना वारंवार लागेल ते. पिंजऱ्यात आपल्याच घाणीत वाढलेल्या पिल्लाची ही उपजत अक्कल बोथट होते, आणि असं पिल्लू शिकवताना भल्याभल्यांचा घाम निघतो. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरी विकली जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पिल्लू आणण्याआधी ते वाढलं ती जागा डोळ्यांनी बघून या.

आता आपली फ्लॅटमधली अडचण. लशींचे डोस साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर जिथे इतर कुत्री शी करतात अशा जागी पिल्लाला सोडणं धोक्याचं, कारण पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांचा, विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणजे सवय लागण्याच्या नेमक्या दिवसांत पिल्लू तिसऱ्या मजल्यावर कोंडलेलं. तिथे त्याच्या पायांना काय लागतं? गुळगुळीत फरशी, दारातलं पायपुसणं आणि सोफ्याखाली पसरलेला रविवारचा पेपर. बरेचजण म्हणतात, आम्ही बाथरूममध्ये शिकवतोय. चांगलं आहे, पण बाथरूमची फरशी आणि हॉलची फरशी यांतला फरक तुम्हाला दिसतो, त्याच्या तळव्यांना तो जाणवतोच असं नाही. हॉलमध्ये शू करणारं ते पिल्लू तुम्ही शिकवलेलंच अचूक करत असतं.

माझा सल्ला असा, की ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी कडा असलेला एक मोठा ट्रे ठेवा आणि त्यात नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा घाला. कुत्री फिरत नाहीत अशा नर्सरीतूनच आणा. कृत्रिम गवतही चालतं, फक्त ते रोज धुवावं लागतं. लॉन वास मारायला लागला की बदला. पेपरवर शिकवता येतं, नाही असं नाही. पण मग पुढे पेपर सोडवून गवत शिकवायचं, म्हणजे काम दुप्पट. शिवाय आजोबांनी वाचता वाचता पेपर खाली ठेवला तर पिल्लाला बोल लावता येत नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. वय जितके महिने त्यात एक मिळवा, ढोबळमानाने तितके तास पिल्लू दिवसा कळ काढू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही शांत असताना. उठल्या उठल्या, खेळ रंगात आला की, आणि खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, या वेळा हमखास. पोटात अन्न पडलं की आतडं पुढचं ढकलायला लागतं, आपल्या तान्ह्या बाळांचं होतं तसंच. म्हणून खाणं ठरलेल्या वेळी हवं. दिवसभर येता-जाता कुणी दूध-पोळीचा घास देत असेल, तर शी कधी होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं ते वेगळंच. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की उचला आणि ट्रेवर ठेवा. झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. स्वयंपाकघरात येऊन दिलात तर त्याला वाटणार, स्वयंपाकघरात आल्याचंच बक्षीस मिळालं.

रागावण्याबद्दल. "त्याला कळतं हो डॉक्टर, तोंड बघा कसं अपराधी करतो!" हे मी नेहमी ऐकतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने गुन्हा केलाय की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक ओरडला की तो चेहरा व्हायचा. ओरडण्यातून पिल्लू एकच शिकतं, माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पट्ट्याला बांधून खाली नेलं तर तासभर काही करत नाही, आणि घरी येऊन पलंगामागे उरकतं. त्याला हट्टी म्हणू नका.

सांडलेली शू आधी टिपून घ्या, मग एन्झाइमवालं क्लीनर वापरा. फिनेलने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, त्याच्या नाकाला येतच राहतो. आणि फिनेल लागलेले पंजे ते चाटतं, हेही लक्षात असू द्या.

लशी पुऱ्या झाल्या की खाली न्या, पण शू झाल्या झाल्या घरी परतू नका. तसं केलंत तर शू केली की फिरणं संपतं, हे ते दोन दिवसांत ओळखतं आणि धरून ठेवायला लागतं. पिशवी खिशात ठेवा, सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत बाल्कनीतला ट्रे हलवू नका. मे महिन्यात शहाणं झालेलं पिल्लू जूनमध्ये ओल्या गवतावर पाय टाकायला तयार होत नाही, आणि साचलेल्या पाण्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची) भीती असते, त्यामुळे त्याला ओढत नेण्यातही अर्थ नाही.

एक शेवटचं. पाहुणे आले की आडवं पडून थेंबभर शू करणारं पिल्लू शिकवणीत कच्चं नसतं, ते दबलेलं असतं. वाकून डोक्यावर हात फिरवू नका, खाली बसा, बहुतेकांचं वयाबरोबर जातं. पण नीट शिकलेलं पिल्लू एकाएकी दर अर्ध्या तासाने थोडी थोडी शू करायला लागलं, विशेषतः मादी असेल, तर लघवीची तपासणी करायची. सकाळी खाली नेल्यावर पसरट डब्याचं स्वच्छ, कोरडं झाकण हळूच मागून पुढे सरकवा, मिळेल तेवढं बाटलीत घ्या आणि तासाभरात दवाखान्यात आणा. दुपारी आणायचं असेल तर तोवर फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून.