नाव पुसलं, माणूस उरला

(दृश्य: अंधारात उशाशी ठेवलेला फोन. पडदा उजळतो.)

बातमीवर बोट टेकवलं. मजकूर आला, पण मधला एक चौकोन अजून कोराच आहे. नजर तिथे पोचेपर्यंत तोही भरतो. परवा बघून सोडून दिलेल्या बुटांची जाहिरात.

चौकोन कोरा होता तेवढ्या वेळात त्याचा लिलाव झाला. पान उघडताच एक निरोप सुटला. फोन कुठल्या बनावटीचा, साधारण कुठल्या भागात, काय वाचणं चाललंय, आणि जाहिरातींसाठी त्या फोनला दिलेला लांबलचक क्रमांक. निरोप एकदम कितीतरी कंपन्यांच्या संगणकांना गेला. त्या क्रमांकाच्या खात्यात काय काय जमा आहे ते त्यांनी पाहिलं, बोली लावली, एकाला चौकोन मिळाला. हे सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात. बोली हरलेल्यांना जागा मिळाली नाही, पण निरोप त्यांनाही मिळालाच. या धंद्यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच.

सुरुवात अशी नव्हती. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मोंटुली या प्रोग्रामरने कुकी तयार केली. अडचण साधी होती: वेबसाइटला स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावर वस्तू टोपलीत टाकून दुसऱ्या पानावर गेलं, की दुकान ओळखही देईना. म्हणून ब्राउझरकडे एक बिल्ला ठेवायला दिला, सामानघरात बॅग ठेवल्यावर देतात तसा. बिल्ला दाखवा, तुमची टोपली परत.

पण एका साइटच्या पानात भलत्याच कंपनीचा तुकडा बसवता येतो. जाहिरात, ‘शेअर’चं बटण, कधी नुसतं एका पिक्सेलएवढं पारदर्शक चित्र, जे कुणी पाहावं म्हणून ठेवलेलंच नसतं. हा तुकडाही आपला बिल्ला देतो. तोच तुकडा हजारो साइट्सवर असला, की तुम्ही बातम्या वाचा, औषध शोधा, भाड्याचं घर बघा. बिल्ला तपासणारा एकच.

यावर कंपन्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं: आम्ही नाव कुठे ठेवतो? नुसता क्रमांक ठेवतो.

(दृश्य: शोधखिडकीत एकेक अक्षर उमटतंय.)

ऑगस्ट २००६. एओएल या अमेरिकन कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी आपल्या सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी ३ महिन्यांत केलेले जवळपास २ कोटी शोध खुले केले. नावं काढली होती, प्रत्येकाला क्रमांक दिला होता. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर एका क्रमांकामागच्या वृद्ध बाईंच्या दारात उभे राहिले. त्यांना नाव लागलंच नाही. बाईंनी काय काय शोधलं होतं, ते पुरलं: एक आडनाव, आपल्या भागातली कामं करणारी माणसं, बधिर होणारी बोटं, जिथे तिथे लघवी करणारा कुत्रा.

आणि गंमत पुढेच आहे. यादीतली दुखणी वाचून बाई फार आजारी असाव्यात असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात त्या मैत्रिणींच्या दुखण्यांची माहिती काढून देत असत. म्हणजे माणूस बरोबर सापडला, त्याच्याबद्दलचा निष्कर्ष मात्र साफ चुकला असता. कंपनीने माफी मागितली, फाइल काढून टाकली. तोवर तिच्या प्रती जगभर गेल्या होत्या.

शोध राहू द्या, नुसती ये-जा घ्या. २०१३ साली संशोधकांनी एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या मोबाइलची १५ महिन्यांची नोंद तपासली. फोन कुठल्या वेळी कुठल्या टॉवरपाशी होता, एवढंच. अशा ४ नोंदी हातात असल्या तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. याचं नवल वाटू नये. रात्री या घरात आणि दिवसा त्या कचेरीत असणारा माणूस तुमच्याशिवाय दुसरा कोण असणार?

मग ‘संमती’. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००८ मधल्या अंदाजानुसार, आपण उघडतो त्या साइट्सची गोपनीयता धोरणं खरोखर वाचायची तर वर्षाकाठी २०० तासांहून जास्त वेळ लागेल. युरोपात २५ मे २०१८ पासून लोकांची खासगी माहिती जपणारा कडक कायदा लागू झाला आणि पडद्यावर परवानगीच्या पाट्यांचा पूर आला. ‘सगळं मान्य’ ठळक रंगात, नकार मात्र दोन-तीन पानं आत दडवलेला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने नेमक्या याच लबाडीसाठी गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. होकार एका टिचकीत, नकाराला मात्र खेटे.

(दृश्य: पुन्हा अंधार. फोनचा दिवा लागतो.)

आणि हे एक विजेरीचं अ‍ॅप. काम एकच, उजेड पाडणं. २०१३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच्या निर्मात्यावर कारवाई केली, तेव्हा ते कोट्यवधी फोनवर होतं. पहिल्यांदा उघडलं की अटी यायच्या आणि खाली दोन बटणं: ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. वापरणारा अटी वाचत असायचा, बोट अजून अधांतरीच असायचं. आणि तेवढ्यात फोनचं ठिकाण आणि त्याचा ओळखक्रमांक बाहेर गेलेलाही असायचा.