काचेवर चरणारा मासा

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. पुण्यातील एका घराच्या दिवाणखान्यात तीन फूट लांबीच्या टाकीवरचा दिवा नुकताच मालवला आहे. दिवसभर थव्याने फिरणारे निऑन टेट्रा पाणवनस्पतींच्या आडोशाला स्थिरावले आहेत आणि नेमक्या याच वेळी, तळाशी पालथ्या घातलेल्या नळीच्या कौलाखालून एक चपटे, काळसर डोके हळूहळू बाहेर येत आहे. त्याच्या नाकाडावर मऊ, मांसल मिशांचे रान माजले आहे आणि त्यातल्या काही मिशांना टोकाशी फाटेही फुटले आहेत. मत्स्यपालक या माशाला ब्रिसलनोज म्हणतात. दुकानात मात्र तो बहुधा नुसता ‘सकर’ किंवा ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून दाखवला जातो आणि या दुसऱ्या ओळखीनेच त्याचे सर्वाधिक नुकसान केले आहे.

ब्रिसलनोज हा अँसिस्ट्रस या वंशातला मासा. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्नेर यांनी १८५४ साली या वंशाला हे नाव दिले. पनामापासून दक्षिण अमेरिकेतील नद्यांपर्यंत त्याच्या अनेक जाती आढळतात. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत आणि खालच्या बाजूला वळलेले, वाटीसारखे चिकटणारे तोंड ही हा वंश ज्या कुळात मोडतो त्या साऱ्या कुळाची खूण आहे. या तोंडाने तो वाहत्या पाण्यातही दगडाला घट्ट धरून राहतो, दातांच्या बारीक ओळींनी पृष्ठभाग खरवडतो आणि हे सारे चालू असताना त्याचा श्वासही थांबत नाही. आपल्याकडे मिळणारे बहुतेक ब्रिसलनोज टाक्यांमध्येच पैदास झालेले असतात. तरी त्यांची भूक, त्यांचे लपणे आणि त्यांची रात्रीची भटकंती नदीतलीच राहिली आहे.

त्या नदीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पनामातील रिओ फ्रिहोलेस या ओढ्यात परिस्थितीशास्त्रज्ञ मेरी पॉवर यांनी शेवाळ खाणाऱ्या अशा माशांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओढ्याच्या काही डोहांवर ऊन पडत होते, तर काही डोह झाडांच्या दाट सावलीत होते. उन्हातल्या डोहांत शेवाळ झपाट्याने वाढत असे आणि तिथे माशांची संख्याही त्याच प्रमाणात जास्त असे. सावलीतल्या डोहांत वाढ मंद आणि खाणारी तोंडेही कमी. परिणामी कोणत्याही डोहातल्या माशाच्या वाट्याला साधारण सारखेच अन्न येत होते. काठालगतच्या उथळ पाण्यात मात्र शेवाळाचा जाड हिरवा पट्टा तसाच शिल्लक राहिलेला दिसे, कारण तिथे चरायला जाणे म्हणजे मासे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या चोचीत सापडणे. एक कुरण संपले की दुसरे गाठायचे, अशा रीतीने हे मासे जगत होते.

आता पुन्हा या टाकीकडे येऊ. इथे दुसरा डोह नाही. सुमारे दीडशे लिटर पाण्याच्या या टाकीच्या काचांवर आणि दगडांवर जेवढे शेवाळ असेल, तेवढे एक मोठा ब्रिसलनोज थोड्याच दिवसांत फस्त करतो. काच लख्ख झाली की घरातल्या माणसांना समाधान वाटते. माशासाठी मात्र तो दिवस कुरण उजाड झाल्याचा असतो. वरून टाकलेले दाणे चपळ मासे मधल्यामध्ये टिपतात आणि तळाशी फार थोडे पोहोचते. ही उपासमार पटकन लक्षातही येत नाही, कारण चिलखतामुळे पाठीकडून पाहताना मासा धडधाकटच दिसतो. खरी अवस्था त्याचे पोट सांगते. तो काचेला चिकटलेला असताना बाहेरून त्याची खालची बाजू पाहावी. पोट किंचित गोलसर असेल तर तो नीट खातो आहे. ते आत ओढले जाऊन खळगा पडला असेल, तर तो बऱ्याच दिवसांपासून उपाशी आहे, असे समजावे.

म्हणून दिवा मालवल्यावर त्याचे स्वतंत्र जेवण टाकीत गेले पाहिजे. काकडीची जाड चकती, दुधी भोपळ्याचा किंवा लाल भोपळ्याचा किंचित उकडलेला तुकडा, उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान, साल काढलेले मटार, यांपैकी काहीही त्याला चालते. भाजी वर तरंगू नये म्हणून ती स्टीलच्या काट्यात खोचून तळाशी ठेवतात. कीटकनाशकाचा अंश राहू नये म्हणून ती आधी नीट धुवावी, शक्यतो सोलावी, आणि उरलेला तुकडा सकाळी न विसरता काढावा, कारण उन्हाळ्यात कुजलेली काकडी एका दिवसात पाणी नासवते. भाजीबरोबर शेवाळाच्या तयार चकत्या असाव्यात. आठवड्यातून एखाद्या वेळी थोडे प्रथिनयुक्त खाद्यही द्यावे.

टाकीत पाण्यात मुरलेल्या लाकडाचा एक ओंडका मात्र अवश्य असावा. ब्रिसलनोज लाकूड पचवून त्यावर जगतो, असे मानण्याचे कारण नाही. पण त्यावर साचणारा सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर तो तासन्‌तास खरवडत राहतो आणि दिवसा त्याच ओंडक्याखाली विसावतो. कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांकडेला दिसणाऱ्या देशी बदामाचे वाळून गळलेले पान धुऊन टाकले, तर तेही हळूहळू मऊ होऊन त्याच्या उपयोगी पडते.

हा मासा पाणीही स्वच्छ ठेवतो, ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे. जो सतत खातो, तो सतत विष्ठाही टाकतो, आणि तिच्यातून निर्माण होणारा अमोनिया माशांसाठी विषारी असतो. फिल्टरमध्ये वस्तीला असलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी ब्रिसलनोज सोडणे दुहेरी अन्यायाचे आहे: तिथे ना हे जिवाणू असतात, ना खाण्यासाठी शेवाळ. पुढेही आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे लागते आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे लागते.

तापमान २२ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर मासा सुखात राहतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे टाकीचे पाणी सहज तिशी ओलांडते आणि पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. या कुळातले मासे अडचणीच्या वेळी पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि पोटाच्या आतल्या अस्तरातून तिच्यातला प्राणवायू घेतात. एखाद्या वेळी असे घडले तर काळजी नसावी. तो वारंवार वर झेपावू लागला, तर पाण्यावर पंखा सोडावा आणि एअर पंप वाढवावा.

खरेदीच्या वेळी होणारी एक चूक याहून महाग पडते. बोटभर लांबीचा ब्रिसलनोज आणि त्याच्याच कुळातला तेवढाच सेलफिन सकर हे दोन मासे दुकानात शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळत नाही. पहिला दहा ते पंधरा सेंटिमीटरवर थांबतो. दुसरा दीड फुटापर्यंत वाढतो, टाकीत मावेनासा होतो आणि मग कोणीतरी दया म्हणून त्याला नदीत किंवा तळ्यात सोडते. केरळमधील पाणवठ्यांत, कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत आणि आपल्या उजनीच्या जलाशयातही हा परका मासा पोहोचला आहे. त्याच्या काटेरी अंगाने मच्छिमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नसते. ओळख पटवायची असेल तर पाठीवरचा पर उभारला जाईपर्यंत वाट पाहावी आणि त्याच्या पुढच्या कडक काट्यामागचे मऊ किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या, मोजावेत. ब्रिसलनोजला ते सात असतात, सेलफिनला दहा किंवा अधिक. दुकानदाराला तेवढा वेळ थांबवण्यात संकोच वाटू देऊ नये.

शेजाऱ्यांच्या बाबतीत ब्रिसलनोज सोशिक आहे. टेट्रा, रासबोरा, गप्पी, कोरीडोरास या लहान माशांच्या वाटेला तो जात नाही. दोन प्रौढ नर मात्र लहान टाकीत एकत्र ठेवू नयेत; गालांवरचे काटे फुलवून ते एकमेकांना जखमी करतात. हेच काटे जाळीत अडकतात, म्हणून त्याला पकडताना जाळीऐवजी डबा वापरावा.

आपण सुरुवातीला पाहिलेला मासा नर आहे. मादीच्या नाकाडाच्या कडेला फार तर आखूड मिशांची एक ओळ असते. नराचे सारे नाकाड त्यांनी भरते. या मिशा कशासाठी, याचे एक लक्षवेधी स्पष्टीकरण १९९९ साली मार्क सबाज, जोनाथन आर्मब्रस्टर आणि लॉरेन्स पेज यांनी मांडले. ज्याच्या गुहेत आधीच पिल्ले आहेत, असा नर मादीला भरवशाचा वाटतो. आणि नाकाडावर हलणाऱ्या या मिशा पिल्लांसारख्या दिसतात, म्हणजेच त्या मादीला दिलेली पितृत्वाची ग्वाही असाव्यात, असा त्यांचा तर्क आहे.

कौलाच्या आत आता टॉर्चचा अगदी मंद प्रकाश टाकू. छताला नारिंगी अंड्यांचा घोस चिकटला आहे. मादी अंडी घालून केव्हाच निघून गेली. नर मात्र परांनी त्यांच्यावर सतत पाणी खेळवतो आहे आणि खाण्यासाठीही क्वचितच बाहेर पडतो. आज तो निघाला, तो जेमतेम दोन मिनिटांसाठी. काकडीच्या चकतीवर त्याने चार-दोन वेळा तोंड फिरवले आणि तो परत फिरला. पाणी २६ अंशांच्या आसपास राहिले तर चार-सहा दिवसांत अंडी फुटतील. त्यानंतर आठवडाभर पिल्ले पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन कौलालाच चिकटून राहतील, आणि ती पिशवी संपली की एका रात्री काचेवर तीळभर आकाराची वीस-पंचवीस तोंडे चरायला येतील. त्यांच्यासाठी मागची काच या घराने गेले तीन आठवडे पुसलेली नाही.